चूलबंद आमंत्रण

रणजित सर प्रशिक्षणाहून परत आले की पूर्णिमाबाईंना नवं काम लागे. तसे सर वाईट नव्हते. वयानं लहान, आणि उत्साहाला अंत नाही. त्यातून मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यापासून त्या उत्साहाला अधिकारही चिकटला होता. मागच्या प्रशिक्षणाहून ते परसबाग घेऊन आले होते, त्याच्या आधी वाचनकट्टा. परसबागेला पाणी पूर्णिमाबाई घालत होत्या आणि कट्ट्यावरची धूळही त्याच पुसत होत्या. कल्पना सरांची आणि फडकं बाईंचं, अशी कामाची सरळ वाटणी होती.

या वेळी सर नियोजन घेऊन आले.

"बाई, यंदाचा आनंद मेळावा मुलं करणार," ते म्हणाले. "ठरवणार मुलं, वाटून घेणार मुलं, पार पाडणार मुलं. नियोजन आणि संयोजन कौशल्य. आपण फक्त बघायचं."

"बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

"हात पाठीमागे." सरांनी हात पाठीमागे बांधून दाखवले. "मूल अडखळलं तरी हात पुढे करायचा नाही."

पूर्णिमाबाईंनी मान हलवली. मान हलवणं हा त्यांचा जुना रोग होता. मतदार याद्या आल्या, मान हलवली. जनावरांची गणती आली, मान हलवली. व्हॉट्सॲपवर 'माहिती तातडीने भरावी' असा निरोप दिवसाकाठी कितीदा येई याचा त्यांनी हिशेब ठेवणंच सोडलं होतं. शाळा कात्रजच्या पलीकडच्या गावात. गाव महापालिकेत गेलं तरी गावच राहिलेलं, फक्त शेतात इमारती उगवलेल्या. बाई रोज स्वारगेटला बस बदलून येत आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत जाऊन घरच्या शेगडीसमोर उभ्या राहत. निवृत्त झालेले यजमान आतून विचारत, "आज उशीर?" हा प्रश्न नसून शेरा असे. बाई दमल्या होत्या. आजच्या दिवसानं नव्हे, चांगल्या वीसेक वर्षांनी दमल्या होत्या, आणि रविवारच्या झोपेनं जाणारा हा थकवा नव्हता.

पण या मेळाव्यात त्यांचा जीव गुंतला होता आणि त्याचं कारण सितारा.

सिताराबाई पहिलीच्या वर्गाला शिकवत. त्यांची जागा सरकारी मंजुरीतली नव्हती. संस्था त्यांना मानधन देई. दिवाळीनंतर संस्थेचे सचिव इंद्रजीतराव शाळेत आले, चहा प्यायले आणि जाता जाता म्हणाले, "जानेवारीपासून ते मानधनाचं तेवढं शाळेनंच बघा बरं का." इंद्रजीतराव गावचेच, आता बिल्डर. त्यांच्या सगळ्या वाईट बातम्या अशा चपला घालता घालताच सांगितलेल्या असत. म्हणजे मेळाव्यातून जे जमेल त्यावर सितारा टिकणार, नाही जमलं तर जाणार. ती गेली की पहिलीचा वर्ग उचलून पूर्णिमाबाईंच्या सातवीत आणून बसवायचा, हेही ठरलेलं. एका फळ्यावर अ-आ-इ आणि त्याच फळ्यावर बीजगणित. पूर्णिमाबाई आपल्याशी खोटं बोलत नसत. सिताराचं वाईट वाटत होतं, ते खरंच. पण त्याहून जास्त आपल्या पायांची भीती वाटत होती. दोन वर्ग आपल्याच्यानं होणार नाहीत हे त्यांना आतून ठाऊक होतं.

सातवीनं मात्र नियोजन असं काही मनावर घेतलं की विचारू नका. समित्या झाल्या. खाद्य समिती वैष्णवीकडे गेली. वैष्णवी गावातल्या जुन्या शेतकरी घरातली, आवाज खणखणीत आणि वर्गातली मुलं तिला सरांपेक्षा जास्त घाबरत. निमंत्रण समिती अलफियाकडे आली. अलफिया ही सिताराचीच मुलगी. सुरेख अक्षर, कमी बोलणं, आणि शब्दांचं भलतं वेड. एखादा नवा शब्द कानावर पडला की दिवसभर तोंडात घोळवत बसायची. स्वच्छता समिती झाली, कुपन समिती झाली. शेवटी शंभू नावाचा एक पोरगा उरला, त्याला कुणी घेईना. तेव्हा त्यानं स्वतःच 'संकट समिती' काढली आणि गळ्यात शिट्टी अडकवून स्वतःला तिचा अध्यक्ष नेमला.

"संकट कसलं येणार रे?" बाईंनी विचारलं.

"ते आल्यावर कळेल बाई," शंभू म्हणाला. उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

सरांनी फळ्यावर नियमही लिहून दिला: प्रत्येक समितीनं आपलं काम करावं, दुसऱ्या समितीच्या कामात नाक खुपसू नये. मुलांनी तो इतका पाळला की एका समितीतलं पोर दुसऱ्या समितीच्या बाकाजवळून जाताना डोळे मिटून जायचं.

महिनाभर पूर्णिमाबाईंनी हात पाठीमागे बांधून काढला. मुलांनी मिसळीच्या शेजारी गुलाबजामचं टेबल आखलं, तर्रीचे शिंतोडे कुठे उडणार ते दिसत होतं, तरी बाई गप्प. पाण्याचं पिंप फाटकापासून सगळ्यात लांब ठेवलं, तरी गप्प. आठवड्याभरात मुलांनी स्वतःच टेबलं हलवली, पिंपही हलवलं. बाईंना बरं वाटलं आणि थोडं वाईटही. हे सगळं मुलांना येत होतं तर इतकी वर्षं आपण एकट्यानं का मरत होतो, असं मनात येऊन गेलं. पण त्या विचारामागे जायलाही अंगात त्राण लागतं.

मेळाव्याच्या आठवड्यात अलफिया निमंत्रणाचा मजकूर घेऊन आली. शाळा सुटली होती, बसची वेळ झाली होती, आणि बाईंच्या फोनवर 'तातडीने भरावी' येऊन पडलं होतं. बाईंनी कागद वाचला. ओझरता नव्हे, नीट वाचला. 'आमच्या शाळेच्या आनंद मेळाव्याचे समस्त ग्रामस्थांस चूलबंद आमंत्रण.'

"चूलबंद म्हणजे गं?"

"रिक्षावरून ओरडतात ना बाई, वास्तुशांतीला, नाहीतर गोंधळाला? समस्त ग्रामस्थांना चूलबंद आमंत्रण हो." अलफियाचा चेहरा खुलला. "मला तो शब्द फार आवडतो. म्हणजे त्या दिवशी कुणाच्याच आईनं चूल पेटवायची नाही. सगळ्यांनी आपल्याकडे येऊन खायचं. अम्मी रविवारीसुद्धा दिवसभर शेगडीपाशीच असते."

पूर्णिमाबाईंचा जन्म पेठेतला, संसार सहकारनगरातला. हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. पण त्या क्षणी तो त्यांना इतका गोड लागला की काय सांगावं. चूल बंद. एक संध्याकाळ शेगडी नाही, पोळपाट नाही, 'आज उशीर?' नाही. डोळे मिटून त्या शब्दावर पाय सोडून बसावं असं वाटलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली.

शनिवारी शाळा सुटल्यावर निमंत्रण समितीनं घरोघरी कार्डं वाटली. समितीतलं एकही पोर जुन्या गावातलं नव्हतं. सगळी नव्या इमारतींतली. वैष्णवीच्या घरीही एक कार्ड गेलं. पण आपल्याच मेळाव्याचं कार्ड कोण वाचतं? शिवाय ते दुसऱ्या समितीचं काम.

रविवारी दुपारी मैदान सजलं. मिसळ, भेळ, वडे, पुलाव, इडली, सगळं पालकांच्या घरून आलेलं, टेबलांवर मांडलेलं. कार्डं वाटून मोकळी झालेली अलफिया कुपन समितीची पेटी घेऊन फाटकाशी बसली. वैष्णवी फ्रॉक बदलायला घरी गेली होती, ती धावत परत आली.

"बाई, आमच्या घरात आज सकाळपास्नं कुणी स्वयंपाकच केला नाहीये! काकूकडं पण नाही. आख्ख्या आळीत नाही."

"बरंच झालं की. म्हणजे सगळे इकडे येणार."

"अहो बाई, येणारच! आजोबा पटका बांधून बसलेत. म्हणतात, शाळेचं चूलबंद हाय." वैष्णवीनं श्वास घेतला. "बाई, चूलबंदला पैसे नसतात. चूलबंद म्हणजे गावजेवण. जो बोलावतो तो जेवायला घालतो. कुणी पैसे मागितले ना, तर गाव परत त्या दारात जात नाही."

पूर्णिमाबाईंना आधी नीटसं कळलं नाही. मग कळलं. समोर अलफिया बसली होती, तिनंही ऐकलं होतं. तिनं कुपनांच्या पेटीवर हळूच ओढणी टाकली.

आणि फाटकातून दत्तोबा आत आले.

दत्तोबा म्हणजे वैष्णवीचे आजोबा, गावातले सगळ्यांत वडील. पांढरं धोतर, डोईला गुलाबी पटका, हातात काठी. मागे सुना, नातवंडं, भावकी. त्यांच्यामागे सगळी आळी. त्यांनी टेबलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मैदानाच्या कडेला बसकरपट्ट्या अंथरलेल्या होत्या, त्या बघून ते सरळ तिकडे गेले, चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. बघता बघता त्यांच्या दोन्ही बाजूंना रांग धरली. इंद्रजीतरावही आले. ते दत्तोबांचे पुतणे, त्यांच्याही घरची शेगडी थंड. चुलत्याच्या पंक्तीला बसायचं म्हणून पांढरी पँट सांभाळत तेही खाली बसले.

शंभूनं जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. निदान संकट ओळखायला तो चुकला नव्हता.

रणजित सरांनी माइक उचलला. "मी सांगतो. गैरसमज झाला म्हणून सांगतो. खाद्यपदार्थ कुपनावर मिळतील, एवढंच. त्यात काय?"

"सर, बसलेल्या माणसाला उठवणार?" पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"मग काय फुकट वाटायचं? बाई, हे सगळं कशासाठी चाललंय, विसरलात का?"

त्या कशा विसरतील? जानेवारीत सातवीच्या दाराशी पहिलीची इवली दप्तरं रांगेनं ठेवलेली त्यांना आत्ताच दिसत होती. सरांना बोलू द्यावं, असं अगदी जिभेच्या टोकाशी आलं. गाव चिडेल, आठ दिवस बोलेल, पण सितारा राहील, आपला जीव वाचेल. त्यांनी सिताराकडे पाहिलं. हिच्या पोटाचा प्रश्न, हिलाच ठरवू दे, असा एक पळपुटा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

सितारा गावाकडे बघतच नव्हती. ती फाटकाशी बसलेल्या आपल्या मुलीकडे बघत होती. सरांनी माइकवर दोन वाक्यं बोलावीत आणि उद्यापासून गावातून जाताना लोकांनी बोट दाखवावं, हीच ती कार्ड लिहिणारी, हे त्या आईला स्पष्ट दिसत असावं. तिनं सरांच्या हातातून माइक घेतला, बंद केला आणि टेबलावर ठेवला.

"वैष्णवी," ती म्हणाली, "वाढायला घ्या."

"पण सिताराबाई, तुमचं..."

"वाढा म्हटलं ना."

पुढचं पूर्णिमाबाईंनी हात पाठीमागे बांधून बघितलं, कारण दुसरं काही करायला सवडच मिळाली नाही. वैष्णवीनं टेबलं ओढून एका रांगेत लावली. फळ्यावरचा नियम कुणी पुसला नाही, पण आता कुणी पाळलाही नाही. स्वच्छता समिती पत्रावळ्या मांडू लागली, कुपन समिती पाण्याचे जग घेऊन धावू लागली. मीठ, चटणी, लिंबाची फोड. मग वडा, मग मिसळ, मग चक्क भेळ. गावजेवणात भेळ वाढलेली दत्तोबांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी ती बोटानं उलटीपालटी करून बघितली आणि मुकाट खाल्ली. हे पुरणार नाही, असं वैष्णवीच्या लक्षात आधीच आलं होतं. शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळाला हात लावायचा नाही, असं पूर्णिमाबाईंनी बजावलं तर ती म्हणाली, "ते आम्हाला माहितीये बाई," आणि शंभूला सायकलवर आपल्या घरी पिटाळलं. तो मागच्या कॅरिअरला इंद्रायणी तांदळाचं पोतं बांधून परतला. सितारानं शाळेच्या शेगडीवर मोठं पातेलं चढवलं, साडीचा पदर खोचला आणि मसालेभाताला फोडणी दिली. अलफिया आईच्या शेजारी मान खाली घालून कांदे चिरत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

भात पंक्तीत आला तेव्हा उन्हं उतरली होती. सितारा स्वतः वाढत होती. दत्तोबांनी दोनदा मागून घेतला. हात थांबवून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि जवळ उभ्या असलेल्या पूर्णिमाबाईंना विचारलं, "बाई, जेवान झ्याक झालं. पर निमित्त काय म्हनायचं? गावजेवान हाय म्हंजी कायतरी निमित्त असंल की."

आता इथे गोड काहीतरी सांगता आलं असतं. मुलांचा आनंद, शाळेचा वाढदिवस, काहीही. पूर्णिमाबाईंना तेवढंही बनवून सांगण्याची ताकद राहिली नव्हती.

"निमित्त या सिताराबाई," त्या म्हणाल्या. "यांचं मानधन जानेवारीपासून बंद होतंय. ते उभं करायला मेळावा होता. हे सगळं विकायचं होतं दत्तोबा. पोरीला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता आणि मलाही नव्हता. कार्डावर सही माझी आहे."

दत्तोबांनी हातातला घास पत्रावळीवर परत ठेवला.

"म्हंजी हिच्या पोटावरचं आमी खाल्लं?"

सितारा भाताचं भांडं धरून उभी होती.

"आन् आधी सांगाया काय झालं हुतं?" दत्तोबांचा आवाज चढला. "आता खाल्ल्यालं भाईर काढू का? पैसं देऊ म्हनलं तर जेवनाचं पैसं देत नसत्यात. घेनाराचा बी अपमान, देनाराचा बी." ते थांबले. मग त्यांची मान सावकाश वळली. "इंद्रजीत."

"काय आण्णा?" इंद्रजीतरावांच्या तोंडात घास होता.

"मानधन कुनी बंद केलं?"

"अहो आण्णा, बंद असं नाही. संस्थेची परिस्थिती... बघू. मार्चपर्यंत चालू ठेवतो कसंतरी. बघू."

हा 'बघू' पूर्णिमाबाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. छपराच्या पत्र्यांना तो मिळाला होता, मुलींच्या संडासालाही मिळाला होता. पण मार्चपर्यंत! मार्चपर्यंत म्हणजे आपली सुटका की हो. त्यांनी श्वास सोडला. मान हलायलाही लागली होती.

"मार्चपर्यंत नको," सितारा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता.

"मार्चपर्यंत दिलंत की जूनमध्ये परत हेच. परत मेळावा, परत मुलांनी माझ्यासाठी वडे विकायचे. माझी मुलगी याच वर्गात बसते साहेब. आईचा पगार जमवायला ती फाटकावर पेटी घेऊन बसली होती आज. मला नाही हे परत बघायचं. ठेवायचं तर कायमचं ठेवा. नाहीतर कात्रजच्या एका शाळेत विचारलंय मला, मी तिकडे जाते."

इंद्रजीतराव हसले. समजूतदार माणसं हसतात तसे. "बघा बुवा. तुमची इच्छा. आम्ही कुणाला बांधून तर ठेवत नाही. पहिलीचा वर्ग काय, पूर्णिमाबाई सांभाळतील की. त्या कधी नाही म्हणत नाहीत."

खरं होतं. अगदी खरं होतं. त्या कधी नाही म्हणत नसत. आणि ते इतक्या सहज, भात चिवडता चिवडता, आख्ख्या गावासमोर म्हटलेलं ऐकून पूर्णिमाबाईंच्या आत काहीतरी जागच्या जागी थांबलं. राग म्हणावा तर रागालाही जोर लागतो. ते एवढंच होतं, की आता पुढे पाऊल पडत नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाही सांभाळणार. मी दोन वर्ग घेणार नाही."

रणजित सरांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. इंद्रजीतरावांचं हसू अर्धवट राहिलं. "अहो बाई, असं कसं? मग पहिलीची पोरं बसवायची कुठं?"

"तुमच्या ऑफिसात बसवा. एसी आहे म्हणे."

पंक्तीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. पूर्णिमाबाई मात्र हसल्या नाहीत.

इंद्रजीतरावांनी पत्रावळीला नमस्कार केला आणि उठायला म्हणून हात टेकला. "शाळेच्या गोष्टी शाळेत बोलू. चला आण्णा, बायकापोरं खोळंबलीत."

"तू बस," दत्तोबा म्हणाले.

"अं?"

"मी उठलो न्हाई अजून."

पंक्तीतला वडीलधारा उठल्याशिवाय कुणी उठत नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टेकलेला हात इंद्रजीतरावांनी काढून घेतला. दत्तोबांनी काठी आडवी करून मांडीवर ठेवली आणि समोर बघत बसून राहिले. खरकटे हात वाळायला लागले. पलीकडे दुसऱ्या पंक्तीची माणसं उभी होती, त्यात इंद्रजीतरावांची आई होती, बायको होती, कडेवरचं नातवंड भुकेनं किरकिरायला लागलं होतं. म्हातारी तिथूनच म्हणाली, "इंद्रा, काय त्ये बोलून टाक की रं. पोर रडायलंय."

दत्तोबा हलले नाहीत. पातेल्यात भात निवत चालला.

"बरं," इंद्रजीतराव शेवटी म्हणाले. "राहतील सिताराबाई."

"कवापर्यंत?"

"राहतील आण्णा. कायम."

"कुनाच्या जिवावर? परत ह्या पोरांच्या?"

"संस्थेच्या." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, अन्न पोटात घेऊन बसलेलं. "संस्था देईल. शब्द दिला."

दत्तोबांनी काठी टेकली. वैष्णवीनं धावत जाऊन त्यांना हात दिला. ते उठले आणि पंगत उठली.

दुसरी पंगत झाली, तिसरी झाली. शेवटच्या पंक्तीला मुलं वाढायला आणि दोघी शिक्षिका बसायला, एवढंच उरलं होतं. मिसळ संपली होती, वडे कधीच संपले होते. पातेल्याच्या बुडाचा करपट भात आणि चटणी, एवढंच पत्रावळीत आलं. पूर्णिमाबाई भिंतीला पाठ टेकून बसल्या. किती वर्षांनी कुणी आपल्याला वाढलं, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते आठवेना. पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. आनंद झाला होता म्हणावं तर तसंही नव्हतं. नुसतं भरून आलं, दमलेल्या माणसाला येतं तसं.

अलफिया पाण्याचा जग घेऊन समोर आली. जग दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"बाई, माझं चुकलं ना?"

"हो. चुकलं," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "शब्द वापरायच्या आधी तो ज्यांचा आहे त्यांना विचारायचं. वैष्णवी तुझ्यापासून दोन बाकं सोडून बसत होती."

"सर म्हणाले होते, नाक खुपसायचं नाही."

"हं. सरांचंही चुकलं. माझंही."

पोरगी थोडी रडली, मग पाणी ओतलं आणि गेली. सितारा भात कालवत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "ताई, एवढी वर्षं का नाही म्हणालात हो 'नाही'?"

"कुणी असं जेवून बसलेलं सापडलंच नाही गं," पूर्णिमाबाई म्हणाल्या. सितारा इतकी हसली की तिला ठसका लागला.

तेवढ्यात रणजित सर आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, पण उत्साह पुन्हा अंगात भरायला लागलेला दिसत होता. ते उकिडवे बसले. "बाई, खरं सांगतो, अपेक्षेपेक्षा भारी झालं. संकट व्यवस्थापनसुद्धा झालं! याचा एक सविस्तर अहवाल हवा, फोटोंसकट. उद्या पाठवला तर प्रशिक्षण केंद्रावर पहिला आपला जाईल. तुम्ही आज रात्रीत लिहून..."

पूर्णिमाबाईंची मान सवयीनं हलायला निघाली होती. त्यांनी ती मध्येच थांबवली.

"नाही, सर."

दुसऱ्यांदा तो शब्द पहिल्यापेक्षा सोपा गेला. सर तसेच उकिडवे राहिले, मग उठले, आणि कुणाला सांगावं या विचारात मैदानाकडे बघत उभे राहिले. पूर्णिमाबाईंनी पत्रावळीतला करपट भात बोटांनी गोळा केला, सितारानं त्यांच्याकडे चटणी सरकवली आणि दोघी जेवू लागल्या.